वटवट्या, अळंबी आणि महादूबाबा

आमच्या पाड्यावरून रस्त्याकडे जाताना मधे एक माळ लागतो. पाच-सात मिनिटांत ओलांडता येईल एवढाच. सगळे जण पायवाटेने सरळ जातात. महादूबाबा मात्र तो माळ सरळ कधी ओलांडत नसे. थोडं चालून तो पायवाट सोडी, उजवीकडे जाई, मग डावीकडे वळे, एखाद्या करवंदीच्या जाळीला वळसा घाली आणि पुन्हा वाटेला लागे. डोक्यावर लाकडाची मोळी असली तरी असाच आणि पाऊस कोसळत असला तरी असाच. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा सकाळीच मोहाची घेऊन निघालाय. पण तो कधी पीत नव्हता.

लहानपणी आम्ही पोरं त्याच्या मागून 'वाकडा महादू, वाकडा महादू' करत त्याच्यासारखीच चालायचो. तो चिडत नसे. मागे न बघता म्हणायचा, "चला, चला. पण माझ्या पावलात पाय टाका. बाजूला नको." आम्हाला तो खेळ वाटायचा. ज्याचा पाय त्याच्या पावलाबाहेर पडेल तो बाद. असा शंभर वेळा तरी मी त्याच्या मागून तो माळ ओलांडला असेल.

त्याच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण मला ते नीट जमेल की नाही याची खात्री नाही. तो काही मोठा माणूस नव्हता. अंगाने काटक, गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, खांद्यावर टॉवेल. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. त्याचं कसब म्हणजे खणणं. विहीर असो, घराच्या मेढीचा, म्हणजे लाकडी खांबाचा, खड्डा असो, विजेचा खांब असो, मोखाड्यापर्यंतचे लोक त्याला बोलवायचे. जमिनीवर टाच आपटून तो सांगायचा, इथे दोन हातांवर मुरूम आहे, त्याखाली कातळ. ते सहसा चुकत नसे. मातीबद्दल तो माणसासारखं बोलायचा. "एकदा उकरली की माती लय वरसं मऊ राहते," म्हणायचा. "तिला वाटतं, अजून कोण तरी येणार."

पाड्यावर त्याच्याबद्दल एकच वाईट बोललं जायचं, ते अळंबीवरून. श्रावणात वाळवीच्या जमिनीखालच्या घरांमधून पांढऱ्या छत्र्यांसारखी अळंबी वर येते. प्रत्येक घराच्या आपल्या आपल्या जागा असतात आणि त्या कोणी कोणाला सांगत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना मान्य आहे. पण माळ सगळ्यांचा. तरीही माळावरची अळंबी कोणाच्याच हाती लागत नसे, कारण महादूबाबा उजाडायच्या आत तिथे जाऊन आलेला असायचा. तो ती जव्हारच्या बाजारात विकतो, असं सगळे धरून चालले होते. माझी काकू त्याला तोंडावर टोमणे मारायची. "काय महादूबाबा, यंदा जव्हारला बंगला बांधतोस का?" तो शांतपणे म्हणायचा, "बांधतो ना. तुला भांडी घासायला ठेवतो."

त्याचं दुसरं वेड म्हणजे वटवट्या. हा पक्षी तुम्ही पाहिला असेल, नाव कदाचित माहीत नसेल. राखी पाठीचा, शेपटी उभी धरणारा, एवढासा. पावसाळाभर माळावरच्या झुडपांच्या शेंड्यावर बसून सतत ओरडत असतो. महादूबाबा जाता-येता त्याला उत्तर द्यायचा, "ऐकलं रे, ऐकलं. गप आता." ते आम्हाला गमतीचं वाटायचं. त्याच्या आवाजात गंमत नसायची, हे मला फार उशिरा जाणवलं.

मी जव्हारच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वसतिगृहात राहायचे आणि सुटी लागली की जीपने घरी यायचे. सरांनी एक प्रकल्प दिला होता. ज्यांची तुलना सहसा कोणी करत नाही असे आपल्या गावातले दोन सजीव निवडायचे आणि दहा मुद्द्यांत त्यांची तुलना करायची. सोबत फोटो हवेत आणि ते जिओटॅग केलेले, म्हणजे जागेचे अक्षांश-रेखांश फोटोतच उमटलेले. मी वटवट्या आणि अळंबी असं लिहून दिलं. सर वाचून म्हणाले, "एक एवढंसं पाखरू आणि एक जमिनीखालची बुरशी. दोघांचा संबंध काय?" दोन्ही आमच्या माळावर आहेत, एवढंच मी म्हणाले. वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले की मग वरच्या छत्रीचा फोटो पुरेसा नाही, ती तर फक्त फळासारखी असते. खरी बुरशी खाली असते, तिचा फोटो आण.

श्रावणात घरी आले तेव्हा वही घेऊन मी महादूबाबाच्या ओट्यावर जाऊन बसले. सरांच्या पुस्तकात जे होतं ते मी उतरवलं होतंच. पण प्रत्यक्ष पाहिलेला माणूस काय सांगतो, ते मला हवं होतं. तो खूश झाला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याचं बोलणं वहीत लिहून घेत होतं.

मी विचारलं, वटवट्या केवढा असतो.

"सुपारीएवढा. पिसं काढलीस तर त्याहून कमी. पण तोंड सरपंचाएवढं."

आणि अळंबी?

"वरची का खालची? वरची तुझ्या तळहाताएवढी. खालची कोणी मापली नाय. वरची चार दिवसांची पाहुणी हाय पोरी. घरमालकीण खाली."

घर कसं बांधतात, खातात काय, पिल्लं कशी होतात, असं एकेक विचारत गेले. वटवट्या पानं शिवून खिसा करतो, आत कापूस घालतो. अळंबीला वाळवी पोसते आणि अळंबी वाळवीला पोसते. आवाजाच्या रकान्यात मी अळंबीपुढे 'नाही' लिहायला लागले, तर त्याने पेन धरलेला हात थांबवला. "नाय असं नको लिहू. तुला ऐकू येत नाय, असं लिही." मी हसले आणि तसंच लिहिलं. बोलता बोलता मी माळाच्या दिशेने बोट केलं, तर तेही त्याने खाली केलं. अळंबीला बोट दाखवलं की ती सडते, म्हणून आमच्याकडे ती कोपराने दाखवतात. अकरावीपासून शहरात राहून मी ते विसरले होते.

आठ मुद्दे झाले. मग मी त्याला सरांचं सांगितलं. म्हटलं, तू खणणारा माणूस, मला माळावर एका ठिकाणी खणून खालची अळंबी दाखव, फोटो काढते आणि माती परत लोटते.

त्याने बिडी ओट्यावर घासून विझवली. "वर हाय तेवढं बघ."

"पण सर म्हणालेत—"

"मग सरांच्या अंगणात उकर," तो म्हणाला आणि उठून आत गेला.

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर राग आला. आठ मुद्दे हसत सांगणारा माणूस जागेची गोष्ट निघाली की असा होतो, म्हणजे काकू म्हणते ते खरंच असणार, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास, तो ओढ्याकडे गेलेला पाहून, मी घरातली कुदळ आणि खुरपं घेऊन माळावर गेले. जागा शोधायला कष्ट पडले नाहीत. तो जिथे वळसा घालायचा तिथेच अळंबी असणार, एवढी अक्कल मला होती. एका करवंदीच्या जाळीपाशी सकाळीच खुडलेल्या देठांचे पांढरे बुंधे दिसले. मी खणायला लागले. माती फार मऊ होती. दीड हातावर मला ते दिसलं. राखाडी स्पंजासारखा गोळा, त्यावर खसखशीसारखे पांढरे ठिपके आणि घाबरून पळणाऱ्या वाळव्या. पुस्तकात होतं अगदी तसं. मी इतकी आनंदले की एकटीच मोठ्याने बोलले. फोटो काढले. खाली अक्षांश-रेखांश नीट उमटले आहेत हेही पाहिलं. गोळ्याच्या खाली आणखी काय आहे ते बघावं म्हणून पुन्हा कुदळ उचलली.

"कोणाचं उकरलंस?"

महादूबाबा मागे उभा होता. काय उकरलंस असं त्याने विचारलं नाही. कोणाचं, असं विचारलं. आणि ते मला विचारलं नव्हतंच. तो जाळीकडे बघत होता, मग लांबच्या पळसाकडे, मग माझ्या पायांकडे. ओठ हलत होते.

"जानकीची धाकटी," तो म्हणाला. मग खड्ड्यात वाकून बघितलं आणि त्याचा श्वास सुटला. "अजून खाली हाय. तू वरच हायेस."

जानकी म्हणजे आमच्या शेजारची जानकीमावशी. तिला मुलगी नाही, असंच मला माहीत होतं.

त्याने कुदळ माझ्या हातातून काढून घेतली, बसला आणि हातांनी माती परत लोटायला लागला. खालची खाली, वरची वर, अशी निवडून. मीही बसले. माती दाबता दाबता त्याने मला सांगितलं. तो सारखा सांगत नव्हता. दोन वाक्यं बोलायचा, थांबायचा.

तो ज्या वर्षाबद्दल बोलत होता, ते मला थोडंफार माहीत होतं. आमच्याकडे त्याला 'ते वरीस' एवढंच म्हणतात. उपासमारीने पोरं गेली म्हणून वावर-वांगणीचं नाव तेव्हा पेपरात आलं, तिकडे सरकारी गाड्या गेल्या, असं मोठी माणसं सांगतात. आमच्या पाड्याचं नाव कुठे आलं नाही. माझ्या खूप आधी आईला एक मुलगा झाला होता आणि तो दीड वर्षाचा होऊन गेला, हेही मला माहीत होतं. घरात त्याचा विषय निघत नसे.

आमच्या पाड्यावर लहान मूल गेलं तर जाळत नाहीत, पुरतात. वर दगड ठेवत नाहीत. आईबापांनी जायचं नसतं. खणणारा एकटा घेऊन जातो, दुसऱ्या वाटेने परत येतो आणि जागा कोणाला सांगत नाही. आईला तर नाहीच. आईला जागा कळली तर ती तिथेच बसून राहते आणि पुढच्या मुलाला यायला वाट उरत नाही, अशी समजूत. एरवी हे दोन-चार वर्षांत एखाद्या वेळी व्हायचं. त्या पावसाळ्यात महादूबाबाने नऊ खड्डे खणले.

"अंगात जोर असलेला मी एकटाच होतो," तो म्हणाला. "आधी पोरं भुकेनं रडायची. रडतं तोवर घोर नसतो. मग घराघरांत आवाज बंद झाला. पाड्यावर आवाज नाय, आणि इथं माळावर मी खणतोय नि डोक्यावर हा वटवट्या ओरडतोय. दिवसभर. पाचव्या खेपेला मी कुदळ मारून त्याचं घरटं पाडलं. तांबडी अंडी होती. चिंचोक्याएवढी."

मी बाजूची ढेकळं त्याच्याकडे सरकवली.

"आठ दिवसांनी परत आलो तर त्याच झाडाला दुसरं घरटं. पुन्हा चार अंडी, पुन्हा ओरडणं चालू." त्याने मातीवर तळहात फिरवला. "ते पाखरू लबाड नाय. त्याचं चुकलं नाय काय. पण मला तेव्हा ते बघवलं नाय."

मग त्याने जे सांगितलं ते लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. तिसऱ्या श्रावणात त्या जागांवर अळंबी आली. उकरलेली माती वाळवीला आवडते. नऊपैकी पाच जागी पांढरीशुभ्र, ताटाएवढी अळंबी. त्या वर्षीही घरांत फारसं काही नव्हतं. बायका हरखल्या. टोपल्या भरून घेऊन गेल्या. तो ओट्यावरून बघत होता. थांबवायचं तर का थांबवतो ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगणं म्हणजे जागा सांगणं.

"तुझ्या आईनं मला वाडगाभर कालवण आणून दिलं."

"तू खाल्लंस?"

"खाल्लं. नाय म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, का नको."

पुढच्या वर्षापासून तो सगळ्यांच्या आधी उठायला लागला. माळावरची अळंबी काढून तो ओढ्यात सोडून द्यायचा. जव्हारच्या बाजारात त्याने एकही छत्री कधी विकली नव्हती. एक जागा तर पायवाटेखालीच आहे, असं त्याने सांगितलं. वाट मागून पडली. लोकांना काय सांगून ती वळवणार?

मी रडत रडत विचारलं की माझा भाऊ कुठे आहे. तो उठला. "तुझी आई दर सालाला विचारते. बाकीच्या विचारून थकल्या. ती थकत नाय." एवढंच बोलला. आई वर्षातून एकदा, पाऊस ओसरला की, महादूबाबाला नाचणीची भाकरी घेऊन जायची आणि तोंड मिटून परत यायची. एकट्या माणसावर दया म्हणून जाते असं मी समजत होते.

जाताना त्याने माझ्या मोबाइलकडे बघितलं. "त्यात जागा पण येते म्हणालीस ना?" मी हो म्हटलं. "मग पूस." मी त्याच्यासमोर सगळे फोटो पुसले. प्रकल्प आठच मुद्द्यांचा आणि खालच्या फोटोशिवाय दिला. सरांनी विचारलं, फोटो मिळाला नाही का? मी नाही म्हणाले. त्यांनी गुण कापले. बरोबरच केलं त्यांनी.

पुढच्या उन्हाळ्यात रोजगार हमीतून माळावर काजूची लागवड करायचं ठरलं. चुन्याच्या फक्कीने, पायवाटही न सोडता, रांगा आखल्या, एकेका फुलीवर एकेक खड्डा. खणायला अर्थातच महादूबाबा पहिला आणि सोबत पाड्यावरच्या बायका माती ओढायला. सुटीत मीही आईबरोबर कामावर जायचे. तेव्हा तो बराच खंगला होता, तरी आला. का आला ते मला एकटीला माहीत होतं.

काम सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी एका फुलीपाशी जाऊन तो म्हणाला, "इथं कातळ हाय. चार हात सरकवा." कामावरचे रोजगार हमीचे साहेब नवीन होते, त्यांनी सरकवलं. थोड्या वेळाने दुसऱ्या फुलीपाशी तेच. मग तिसऱ्या. पाचव्या वेळी साहेब वैतागले. रांगा वाकड्या होताहेत, वरून कोणी तपासायला आलं तर मी काय दाखवू, असं म्हणत त्यांनी पहार उचलली आणि स्वतः फुलीवर मारली. पहार त्यांच्या मुठीपर्यंत आत गेली. लोण्यात जावी तशी.

पुरुष माणसं हसली. कोणी तरी म्हणालं, म्हातारा कामचोर झाला. साहेबही हसले. "हाच का तुमचा कातळ, बाबा?" महादूबाबा त्या पहारीकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मला आजही डोळे मिटले की दिसतं.

मग माझ्या लक्षात आलं की बायका हसल्या नव्हत्या. जानकीमावशीने डोक्यावरचं घमेलं हळूच खाली ठेवलं. ती पहारीकडे बघत होती, मग मागच्या चार जागांकडे, जिथून खड्डे सरकवले होते. एकेक करून सगळ्या वयस्कर बायका तसंच बघायला लागल्या. इतकी वर्षं ज्याने तोंड उघडलं नाही, त्या माणसाने पाच वेळा खोटं बोलून सगळं सांगून टाकलं होतं. माळावर कोणी बोलेना. फक्त तो वटवट्या कुठे तरी चालू होता.

आई पुढे झाली. तिने पहार दोन्ही हातांनी ओढून काढली, आडवी ठेवली आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, इथं कातळच हाय. मी इथलीच हाय, मला ठावं."

"अहो बाई, आत्ता तुमच्यासमोर—"

"कातळ हाय," जानकीमावशी म्हणाली.

मग आणखी एक जण तेच म्हणाली, आणि आणखी एक. साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, पण ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, बरं, जिथे कातळ असेल तिथे सांगा. राहिलेल्या चार जागी महादूबाबाने नुसतं थांबून मान हलवली. बोलायची गरज पडली नाही.

त्या संध्याकाळी बायका त्याच्या ओट्यासमोर येऊन बसल्या. जागा कळल्या होत्या, पण कोणती कोणाची ते त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. कोणी विचारलं नाही. तो आतून पाण्याचा हंडा घेऊन आला आणि सगळ्यांना तांब्याने पाणी दिलं. बराच वेळ त्या बसल्या आणि उठून गेल्या.

गणपतीच्या सुटीत घरी आले तेव्हा तो अंथरुणाला लागला होता. मला बघितल्यावर म्हणाला, "मला माळावर ने." माझ्या खांद्यावर हात ठेवून तो चालला. वजनच नव्हतं त्याला. काजूची रोपं लागली होती, रांगा नऊ ठिकाणी वाकड्या. प्रत्येक जागी तो थांबला आणि नाव सांगितलं. काही मुलांची नावंच ठेवली नव्हती, तिथे आईचं नाव सांगितलं. मधेच एका जागी त्याने खांद्यावरचा हात काढला आणि स्वतःच्या पायांवर उभा राहिला.

"हा तुझा भाऊ. डोकं पळसाकडे हाय."

मी तिथे बघत राहिले. गवत होतं. दुसरं काही नव्हतं.

"आईला सांगू नये अशी रीत हाय," तो म्हणाला. "बहिणीला सांगू नये असं कोणी बोललेलं मी ऐकलं नाय. मी रीत पाळली. बरोबर केलं का चूक, ते मला अजून कळत नाय पोरी. तू शिकलेली हायेस. पाळ नायतर मोड."

दिवाळीच्या आधी आईचा वसतिगृहात फोन आला, महादूबाबा गेला. परीक्षा होती, मला जाता आलं नाही. किंवा असं म्हणते मी. खरं तर जायची भीती वाटत होती. घरी गेले की आई मला विचारणार आणि मला उत्तर द्यावं लागणार, हे मला माहीत होतं. त्या दिवसांत एक विचित्र गोष्ट व्हायची. वर्गात, जेवताना, जव्हारच्या बाजारातून चालतानासुद्धा, ती नऊ नावं एकामागून एक डोक्यात यायची. त्याच क्रमाने. एखादं चुकलं तर मी पहिल्यापासून सुरू करायचे. इतकी वर्षं त्या माणसाच्या डोक्यात हेच चाललेलं असणार.

दिवाळीला गेले. आईने काहीच विचारलं नाही. चार दिवस झाले. पाचव्या दिवशी गवत कापायला म्हणून आम्ही दोघी माळावर गेलो. तिने पदरातून भाकरीचे तुकडे काढले आणि वाकड्या रांगांमधून चालत नऊ जागी एकेक ठेवला. भावाच्या जागी ती इतर ठिकाणांइतकीच थांबली. मी तिच्या मागे होते.

"तुला दाखवलंन ना त्यानं?" तिने पाठमोरीच विचारलं.

"हो."

"मला वाटलंच."

"सांगू?"

तिने रिकामा पदर झटकला. मग म्हणाली, "एक वरीस आम्ही हितली अळंबी खाल्ली. पोट भरून खाल्ली. कोणाच्या अंगावरची कोणी खाल्ली, ते काय बघितलंय? जानकीनं माझ्या पोराची खाल्ली असंल, मी तिच्या पोरीची. आता त्यातला एकच माझा, असं कसं म्हणू मी? नको सांगू."

आईने विळा घेतला आणि गवताकडे निघाली. दहा पावलं गेली असेल, आणि थांबली. वळली नाही.

"तिथं पाणी तर साचत नाय ना गं?"

मी त्या जागेकडे न बघता म्हणाले, "नाही. उतार आहे."

"बरं," आई म्हणाली आणि गवत कापायला बसली.